नाकखुपशीचा धंदा

आमची नाकखुपशी कुणाच्याही घरी गेली की आधी त्यांचा कचऱ्याचा डबा बघायची. लोक देवाला नमस्कार करतात, पाणी मागतात, हिचं लक्ष आपलं डब्याकडे. लहान होती तेव्हा मी हातावर चापट मारायची. कॉलेजात गेली तरी तेच. इथे भोपाळातच अवधपुरीत एका बारशाला गेलो होतो, तर बाळ बघायच्या आधी ही स्वयंपाकघरात डोकावून आली आणि माझ्या कानात म्हणते, "आजी, यांनी अख्खी मेथीची जुडी सडवून फेकलीय." नाव तिचं चांगलं आहे, मीच ठेवलेलं. पण तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मधूने, तिला नाकखुपशी म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्या गल्लीत तेच चाललं.

तिला नोकरी नको होती. स्वतःचा धंदा पाहिजे होता. कसला, ते तिलाच ठाऊक नव्हतं. मी म्हणायची, अगं, चार जाणत्या लोकांना विचार. तर म्हणायची, "लोकांना विचारलं तर लोक भारी भारी सांगतात आजी. कचरा खरं सांगतो."

त्या मेथीवरून तिने पहिला धंदा काढला. नोकरीवाल्या बायांना भाजी निवडायला वेळ नाही, म्हणून सडते. मग ही पहाटे मंडईतून मेथी, पालक, मटार आणायची, आम्ही दोघी बसून निवडायचो आणि ही पाकिटं करून अवधपुरीत घरोघर द्यायची. बाया खूश. हिवाळाभर छान चाललं. ऊन तापलं तशी पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकायला लागली. मधू म्हणाला, "झालं? मेथीबरोबर धंदा पण सुकला?" ती म्हणाली, "सुकला पप्पा. पण लोक पैसे देतात एवढं तर कळलं."

मधूचं मी वाईट म्हणत नाही. त्याने लहानपणी घरात काय काय बघितलंय. मी लग्न होऊन अमरावतीकडून इथे आले. चौथीपर्यंत शाळा, हिंदीचं एक अक्षर येत नव्हतं. हे गोविंदपुऱ्यात एका शेडमध्ये वेल्डिंग करायचे. वेल्डरचा उजवा हात आगीजवळ असतो, डाव्या हातात तोंडासमोर धरायची काच. त्यामुळे उजवा हातमोजा लवकर जळतो. ह्यांचा तळव्यात फाटला होता. नवी जोडी मागितली, तर साहेब म्हणाला, "एक तो अच्छा है ना अभी." त्याच आठवड्यात हात भाजला. बोटं आखडली ती आखडलीच. मग चौकीदारी केली, जमली तितकी. मी परकर शिवले, फॉल लावले, पिशव्या शिवल्या, पोरं मोठी केली. आता हे नाहीत. रडून काही होत नसतं, तेव्हाही नाही रडले.

तर ही गोष्ट मी एकदा मटार सोलता सोलता तिला सांगितली. कोणीही ऐकलं तर म्हणेल, अरेरे. ही विचारते काय, "आजी, मग ते चांगले डावे मोजे कुठे जायचे?"

मी म्हटलं, "फेकत असतील. मला काय माहीत!"

दुसऱ्या दिवशी पोरगी गोविंदपुऱ्यात. एका वेल्डिंगच्या शेडमागे भंगाराचा ढीग, त्यात डावेच डावे मोजे, चांगले धड. तशीच आत गेली. मालकाला म्हणाली, "अंकल, आप जोड़ी खरीदते हो और आधी फेंकते हो. मैं सिर्फ सीधे हाथ का बना के दूँ?" सीधा हाथ म्हणजे उजवा.

मालक हसला. "बिटिया, एक हाथ का मोज़ा कौन बनाता है?"

"अभी तक कोई नहीं. इसीलिए तो आई हूँ."

त्याला गंमत वाटली असेल. म्हणाला, विश्वकर्मा पूजेला आम्ही मशीनांना हार घालतो, कामगारांना नवीन सामान देतो. तोवर आण. नाही आणलेस तर मी आपली जोडीच घेईन.

घरी मधूने ऐकलं. त्याने तिच्यासाठी एका दवाखान्यात काउंटरची नोकरी बघून ठेवली होती. पंखा, खुर्ची, पहिल्या तारखेला पगार. तो म्हणाला, "ठीक आहे. पूजेपर्यंत कर. नाही जमलं तर गुपचूप काउंटरवर बसायचं. परत कचरा, मेथी काही ऐकणार नाही मी."

ती म्हणाली, "मंजूर."

तिने भाजीच्या कमाईतून शिलाईचं जुनं जड मशीन घेतलं, चामडं आणलं. मधू म्हणाला, "देवघर आहे घरात, आणि हे चामडं?" मी म्हटलं, "देवघराला पडदा लाव."

आता ऐका आमची अक्कल. चामड्याची एक बाजू गुळगुळीत, एक खरबरीत. गुळगुळीत बाजूवर पेनाचा डाग राहतो म्हणून तिने खरबरीत बाजूवर पुठ्ठ्याचा हात ठेवून खुणा केल्या, आणि हुरुपाच्या भरात दिवसभरात सगळं चामडं कापून टाकलं. मीही शेजारी बसून शाबास शाबास म्हणत होते. मी जन्मभर परकर शिवलेली बाई, परकराला कुठे डावं-उजवं असतं! दुसऱ्या दिवशी मी पहिला मोजा शिवला. तिने हात घातला, तर अंगठा भलतीकडेच. पुठ्ठा पालथा करायला पाहिजे होता, आम्ही सुलटाच ठेवला. सगळे मोजे डाव्या हाताचे.

म्हणजे जे लोक फेकत होते, नेमकं तेच आम्ही ढीगभर केलं.

मधू ओरडला नाही. त्याने नुसती दवाखान्याच्या फोन नंबरची चिठ्ठी तिच्यासमोर टेबलावर ठेवली. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

मी म्हटलं, "अगं, तुकडे उलटे करून शिवू या ना. उजवे होतील."

तशी ती म्हणाली, "खरबरीत बाजू बाहेर येईल आजी. ठिणगी पडली की त्यावरचा बूर जळेल. आत कुणाचा तरी हात असणार आहे." मी तुकडे परत ठेवून दिले. ह्यांनी हे ऐकायला हवं होतं, असं वाटलं फक्त.

ती दिवसभर बसून राहिली. जेवली नाही. संध्याकाळी एकदम उठून म्हणते, "सगळेच वेल्डिंग थोडी करतात!" आणि मग आठवडाभर गोविंदपुऱ्यातल्या एकेका कारखान्याच्या मागच्या बाजूला फिरली. कुत्रे मागे लागले, चौकीदारांनी हाकललं. एकाने तर विचारलं, "भंगार उठाती हो क्या?" ती म्हणाली, "नहीं भैया, पढ़ती हूँ." कचरा वाचते म्हणाली, बघा!

आणि सापडलं तिला. गॅसने जाड पत्रे कापायचं एक वर्कशॉप. तिथल्या ढिगात उजवे मोजे धड पडलेले, डाव्यांचा पत्ता नाही. कापणारा माणूस उजव्या हाताने नळी धरतो आणि डावा हात पुढे ज्वाळेजवळ टेकवून चालवतो. त्यांचा डावाच जळायचा. आम्ही दोघींनी चुकून बनवलेला सगळा ढीग त्या माणसाने नेला आणि म्हणाला, "और है क्या?"

त्या पैशांतून नवीन चामडं आलं. या वेळी पुठ्ठा पालथा. मी कापू देईना, आधी एक शिवून तिच्या हातात घालून बघितला, मग कात्री दिली. पूजेच्या आदल्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडे उजवे मोजे पोचले. त्याने एक घालून मूठ उघडली, मिटली. मग कामगारांना हाक मारली. एक म्हातारा वेल्डर म्हणाला म्हणे, "इतने साल में किसी ने सीधा हाथ अलग से नहीं पूछा." हे तिने मला घरी येऊन सांगितलं. मी मशीनला तेल घालत होते, तेल घालतच राहिले.

मधूने दवाखान्याची चिठ्ठी उचलून खिशात टाकली. दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना गठ्ठा स्कूटरवर बांधून स्वतः पोचवायला लागला.

यंदा तिने पीथमपूरला शेड घेतली. तिकडे कारखाने जास्त. मला म्हणाली, तू पण चल. मी म्हटलं, मला भोपाळ पुरे, तू जा. आम्ही तिला सोडायला हबीबगंजला गेलो. आता स्टेशनचं नाव वेगळं आहे, पण माझ्या तोंडात तेच येतं. ती खिडकीशी बसली. समोरच्या बाईने विचारलं, "बेटा, नौकरी लगी है क्या उधर?"

ही म्हणाली, "नहीं आंटी, देने जा रही हूँ. चार औरतों को."

मधू एकदम चहाच्या स्टॉलकडे बघायला लागला. गाडी हलली. तिने हात केला, मी केला. मधू म्हणाला, "चल आई, ऊन आहे."

मी म्हटलं, "थांब जरा. डबा दिसतोय अजून."