प्रश्न विसरलेलं श्रोता मंडळ

मी गाव सोडलं तेव्हा एसटी सुटेपर्यंत दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एकच चालू होतं. "तिकडं आपलं केंद्र रेडिओवर लागतंय का बघ, आणि कळव." ठाण्याच्या एका वाचनालयात मला नोकरी लागली होती, खोली डोंबिवलीला. केंद्र लागलं नाही. मी 'लागतं' असं कळवलं.

गावच्या मंडळींनो, आणि दिवा-कल्याणला पांगलेल्यांनो, आज मुद्दाम लिहायला बसलेय. बातमीच तशी आहे!

नंतर जन्मलेल्यांसाठी सांगते. आपलं श्रोता मंडळ ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचं आणि मग पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायचं. कार्ड दादा लिहायचे. कुणाचं नाव राहिलं तर रुसवे, म्हणून आधी सभासदांची बाराही नावं. एकदा नावांतच कार्ड भरलं आणि प्रश्न राहूनच गेला. तरी निवेदकांनी सगळी नावं 'श्रीयुत' लावून वाचली आणि म्हणाले, "मंडळी, प्रश्न पुढच्या कार्डावर येऊ द्या." ओट्यावर हसून हसून मुरकुंडी वळली. दादा तेवढे रेडिओकडेच बघत राहिले. बौद्धवाड्यातल्या माणसाला गावात तोवर कुणी 'श्रीयुत' म्हटलं नव्हतं.

पुढे केंद्रावरची पत्रं बंद झाली, मग शेतीचा कार्यक्रम, मग आपल्या भागाचं असं काहीच उरलं नाही. मुंबईचाच कार्यक्रम लागू लागला. दादा गेले, आईला मी डोंबिवलीला आणलं. ते 'श्रीयुत' कुठे उरलंय का, एवढंच मी शोधत राहिले. केंद्राला पत्रं घातली. उत्तर नाही.

आणि गेल्या आठवड्यात एक आजोबा पुस्तक बदलायला आले. "दुसरा भाग आहे का?" एवढंच बोलले, आणि मी खुर्चीतून उठलेच. तोच निवेदकांचा आवाज! निवृत्त होऊन ते ठाण्यातच, कोपरीला एका चाळीत राहतात. केंद्राने भंगारात काढलेल्या टेपा त्यांनी घरी आणून ठेवल्यात. मी गावाचं नाव सांगितलं.

"प्रश्न विसरलेलं मंडळ?"

रविवारी आईला घेऊन त्यांच्याकडे गेले. टेप खरखरली, नावं सुरू झाली. "ह्यांचं नाव पुसलं असंल गं," आई पुटपुटत होती. पाटील झाले, गुरव झाले, आणि मग स्पष्ट, सावकाश: श्रीयुत धोंडिराम कांबळे.

"अहो, मोठ्यानं लावा की! शेजाऱ्यांस्नी बी ऐकू जाऊ दे!"

"बाई, कोपरीत शेजाऱ्यांना मुद्दाम ऐकवावं लागत नाही," निवेदक म्हणाले आणि त्यांनी टेप पुन्हा मागे नेली. आई रडता रडता हसली.

फोनवर त्या टेपचं रेकॉर्डिंग पाठवतेय. एकेकट्याने कानात घालून ऐकू नका. बारा घरांतली माणसं बोलवा, ओट्यावर खेटून बसा आणि मग लावा. तेवढं केलंत तर मी इथे डोंबिवलीत बसून घरी असेन.