मेश्रामजी आणि काचेची पट्टी

मेश्रामजी कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवर दोनदा ठोकत. आवाज पसंत पडला तरच बसत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा ठोकून म्हणाले, "बसतो. पण या फळीखाली नाही." ती फळी मी दुसऱ्या दिवशी काढली.

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. त्यांची नोकरी रेल्वेचे पूल तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर ते इकडे हिंदी मुलखात, मदन महल भागात, आमच्या शेजारी राहायला आले. वसाहतीच्या तोंडाशी नाल्यावर दगडी कमानीचा जुना पूल आहे. आमची सगळी ये-जा त्यावरूनच. मेश्रामजी रोज सकाळी हातोडी घेऊन खाली उतरत आणि एकेक दगड ठोकून कान लावत.

"काय म्हणतोय पूल?" मी विचारत असे.

"खणखणीत बोलून राहिला, ताई. भद्द बोलला का मग पाहू."

मी तेव्हा वसाहत समितीची सचिव होते. पूल म्हातारा झाला, त्याच्यावरचं ओझं कमी करावं, असं समितीत मी सुचवलं. रस्त्याखालची, कमानीच्या दोन्ही खांद्यांवरची माती काढायची ठरली. मेश्रामजी लेकीकडे नागपूरला गेले होते. मी काम शिस्तीत लावलं: आधी डावी बाजू पूर्ण, मग उजवी. खड्ड्यावर जाड लोखंडी पत्रे टाकून वाहतूक चालू ठेवली.

डावी बाजू संपली त्या दुपारी मेश्रामजी बॅग घेऊन परतले.

"माती काहून काढून राहिले?"

"पुलाला जरा आराम."

"ताई, ते ओझं नाही. त्या मातीनंच कमान दाबून धरली हाय. एकाच बाजूनं सोडली का तिकडून उचलते, इकडून बसते."

ते खाली गेले. डावीकडे दोन दगडांमधला सांधा उघडला होता. वर येऊन त्यांनी पुलाच्या तोंडाशी बॅग ठेवली आणि तिच्यावर बसले. तेवढ्यात मुलांनी ठासून भरलेली शाळेची व्हॅन आली.

"चाचाजी, हटिए, देर हो रही है," ड्रायव्हर म्हणाला.

"बेटा, देर ही तो करवा रहा हूँ."

मुलं पुलापासून लांब, कोरड्या नाल्यातून पायी घरी गेली. त्यांना ती सहल वाटली. मी मजुरांना परत बोलावलं. मजुरांनी माती परत भरली, थोडी थोडी, ठोकून. मेश्रामजींनी उघडलेल्या सांध्यावर काचेची पट्टी चिकटवली. "दगड सरकला तर आधी हे तुटंल." आठवडाभर ती तुटली नाही, तेव्हा कुठे त्यांनी व्हॅन पुलावरून जाऊ दिली.

पुढे वसाहतीच्या सभेत कोणीतरी विचारलं, माती काढायची कल्पना कोणाची? मेश्रामजी म्हणाले, "जुना पूल हाय, दुखणं निघतेच." बाहेर आल्यावर मी आभार मानू लागले, तर म्हणाले, "कमानीतला दगड एकटा भार उचलत नाही, ताई. बाजूच्याले देते. तो बाजूचा सरकला नाही पाहिजे, बस."

मेश्रामजी या हिवाळ्यात गेले. शववाहिनी पुलाशी आली तेव्हा मी हात करून ती थांबवली.

"काय झालं, काकू?" त्यांच्या लेकीने विचारलं.

"दोन मिनिटं," मी म्हटलं आणि गुडघा धरत खाली उतरले. काच पाहिली. शाबूत होती.

वर येऊन हात केला. गाडी हळू गेली.