फिकं वरण

नवऱ्याला छत्तिसाव्या वर्षी हृदयाचा झटका आला. तो वाचला. त्याच्या रक्तात जन्मापासूनच कोलेस्टेरॉल जास्त आहे, लेकरालाही असू शकतं, असं कळल्यावर आम्ही सात वर्षांच्या लेकीचं रक्त तपासलं. तिलाही निघालं.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "तेलकट, अंडी, दूध, सगळं बंद."

"मंग खाऊ काय घालू?" मी विचारलं.

"साधं जेवण." तोवर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

मी ते अक्षरशः पाळलं. आमचं घर पोंभुर्ण्याकडचं, तलावावर मासे धरणारं. सगळ्यांच्या ताटात मासोळी, तिच्या ताटात भात आणि फिकं वरण. शेंगदाणेही मी डब्यात लपवून ठेवले. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "इनंच पोरीले लाडानं चारू चारू रोगी केलं." आजार तिच्या लेकाच्या रक्तातून आलेला, आणि दोष माझ्या चुलीला.

शाळेत अंडं मिळायचं त्या दिवशी हिला वेगळं बसवा, असं बाईंना मीच सांगून आले होते. एकदा तिनं मैत्रिणीच्या ताटातलं अर्धं अंडं खाल्लं. मला कळलं तशी मी तिला मारलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, मले रोज भूक लागते."

त्या दिवाळीत तिला मागच्या दिवाळीचा फ्रॉक घातला. तो नीट बसला. लांबीलाही कमी पडला नाही. शेजारीण म्हणाली, "बरं झालं, नवा घ्या नाई लागला." वर्षभरात पोर बोटभरही वाढली नव्हती.

मी तिला घेऊन नागपूरला गेले. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी वजन-उंची घेतली, जुन्या नोंदी पाहिल्या आणि विचारलं, "हिला उपाशी कोणी ठेवलं?"

"मी," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

त्यांनी नीट समजावलं. तळलेलं, डालडा, मटणाची चरबी टाळा. पण रश्श्यातले मासे, डाळ, शेंगदाणे, साय काढलेलं दूध, पोटभर भात-भाजी द्या. वाढत्या पोरीला थोडं तेलही लागतं. हा आजार जेवणानं आलेला नाही आणि नुसत्या पथ्यानं आटोक्यात येणार नाही, पुढं गोळी लागेल. सगळं सांगायला अर्धा तासही लागला नाही.

नवऱ्याच्या तपासणीला चंद्रपूरला गेले तेव्हा नागपूरहून आणलेला तिच्या वाढीचा कागद मी त्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "उपाशी ठेवा असं मी म्हटलं नव्हतं."

"काय द्या, हेबी नाई म्हटलं. मी विचारलं होतं."

बाहेर रांग होती. मी उठले नाही. शेवटी त्यांनी पेन काढलं आणि विचारलं, "नागपूरच्या बाईंनी काय काय द्यायला सांगितलं?" मी एकेक सांगत गेले, ते लिहीत गेले.

आता लेक अकरा वर्षांची आहे. गोळी घेते, पोटभर जेवते, उंचीही वाढतेय. तरी वर्गात सगळ्यात बुटकी तीच. लोक म्हणतात, आईवर गेली असेल. मी त्यांना थांबवते आणि खरं काय झालं ते सांगते.