रेमोंदच्या दारातला खांब

दगडी क्रुसापाशी रस्ता वळतो, तिथे रेमोंद मटकन बसली. अर्धी वाट सरली होती. ओदीलने क्रुसासमोर मान लववली, कपाळाला आणि छातीला बोटं लावली आणि मग तीही शेजारी टेकली.

"माझ्यासाठी मागितलंस का काही?" बुटाची नाडी सैल करत रेमोंदने विचारलं.

"तुझे गुडघे मागितले."

"गुडघे राहू देत. तिबोला जरा धीर माग. आजच्यापुरता मिळाला तरी चालेल."

खाली दरीत त्यांचं फोंब्रेल दिसत होतं. नदीच्या अलीकडे चर्च, शाळा आणि पावाचं दुकान, पलीकडे तिबोचं घर आणि आणखी काही घरं. ओदीलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिबोच्या दोरीवरचे कपडेसुद्धा ओळखू यायचे. पण मधला जुना दगडी पूल पुरात खचला, त्यावर आडवे लोखंडी कठडे लागले, आणि तेव्हापासून पलीकडे जायचं म्हणजे टेकडी चढून, गिरणीच्या पुलावरून, पुन्हा उतरून जायचं. ओदीलचा नवरा मोरिस गाडी काढतो म्हणाला होता. रेमोंदने नको म्हटलं.

"गाडीतून गेलो तर फाटकातूनच वाटेला लावेल तो," ती म्हणाली होती. "चालत आलेल्या म्हातारीला आधी बस म्हणावं लागतं."

तिबो गावाचा मेयर होता आणि तो राजीनामा देणार, असं पावाच्या दुकानात बोललं जात होतं. तो गेला आणि पुढे कुणी उभंच राहिलं नाही, तर गाव शेजारच्या मोठ्या गावात मिसळून टाकतील, आणि मग शाळेचं काय होईल ते सगळ्यांना ठाऊक होतं. रेमोंद त्याला थांब म्हणायला निघाली होती. ओदीलला याचंच नवल वाटत होतं, कारण रेमोंदला मेयरच्या खुर्चीवरून उठवलं होतं ते याच तिबोने.

रेमोंद, आडनाव शास्तानेत, मूळची टपालवाली. तरुणपणी पिवळ्या सायकलवरून, पुढे पिवळ्या गाडीतून तिने या दरीतल्या घराघरात टपाल टाकलं. कुणाचा मुलगा सैन्यातून लिहितो, कुणाचा लिहीत नाही, हे तिला कळायचं, आणि ते तिच्या तोंडून कधी दुसऱ्या घरी गेलं नाही. नोकरी संपल्यावर गावानेच तिला मेयरपदासाठी उभं केलं. जुने मेयर लाबोरी तेव्हा नुकतेच वारले होते. लाबोरी इतकी वर्षं मेयर होते की त्यांच्या दारातला मानाचा खांब आपोआप कुजून पडला होता.

या भागात अशी रीत आहे. मेयर निवडून आला की गावकरी जंगलातून उंच पाइन तोडून आणतात, साल सोलतात, शेंड्याला हिरवा तुरा तेवढा ठेवतात, तीन रंगांची निशाणं लावतात आणि तो खांब मेयरच्या दारात पुरतात. वर पाटी असते, 'आमच्या मेयरना मान'. मग मेयरने सगळ्यांना पाजायचं. त्या खांबाला कुणी कुऱ्हाड लावत नाही. तो उभ्याउभ्या कुजतो आणि एक दिवस पडतो. लाबोरींचा खांब पडला त्या दिवशी गावाने पुन्हा दारू प्यायली, आणि म्हातारे लाबोरी त्या लाकडावर बसून गायले होते.

रेमोंदच्या दारात खांब उभा राहिला तेव्हा मोरिसनेच खड्डा खणला होता. मोठ्या प्रेमाने. त्याच हिवाळ्यात पूर आला.

पुढचं ओदीलने डोळ्यांनी पाहिलं होतं. रेमोंद सभेत उभी राहून सांगायची की पुलाचा पाया पाण्याखाली फुटलाय, वरवर डांबर ओतून भागणार नाही. हिवाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून नदीत उतरायला बंदी आहे. जुन्या वास्तूंच्या खात्याचा माणूस येऊन दगड पाहून गेल्याशिवाय एक चिराही हलवता येत नाही. सगळं खरं होतं, आणि दर सभेत तेच खरं पुन्हा सांगावं लागायचं. पहिल्यांदा लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्यांदा घड्याळं पाहिली. तिसऱ्यांदा तिबो उठला. तरुण, सुतारकाम करणारा, बोलायला तिखट.

"शास्तानेतबाई, टपाल असंच वाटायचात का तुम्ही? वर्षानं?"

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. मोरिसनेही वाजवल्या. घरी येऊन म्हणाला, "बोलला ते काय खोटं बोलला? मला लाकूड आणायला केवढा वळसा पडतो." वळसा ओदीललाही पडत होता.

त्या वर्षी रेमोंदचा नवरा रने आजारी पडला आणि गेला. दफन झालं, माणसं एकेक करून दफनभूमीच्या फाटकात तिचा हात हातात घेत होती. मोरिसने घेतला, बराच वेळ धरला. मग हळूच म्हणाला, "वेळ बरी नाही, कळतं मला. पण पुलाचं काही समजलं का गं?"

ओदीलला वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. रेमोंदने मात्र नीट उत्तर दिलं. "मार्चनंतर," ती म्हणाली. "मासे गेले की."

मार्चच्या आधीच ती पायउतार झाली. तिबो निवडून आला. त्याच्या दारात नवा खांब लागला, आणि रेमोंदचा तसाच, चांगला ताजा, तिच्या खिडकीसमोर उभा राहिला. रोज सकाळी खिडकीचं दार उघडलं की तीच पाटी.

"एकदा रंग तरी मारून टाक तिच्यावर," ओदील म्हणाली होती.

"कशाला? पक्षी बसतात."

आता क्रुसापासून उठून दोघी उतरू लागल्या. गिरणीचा पूल ओलांडला, अक्रोडांच्या रांगेतून चालत तिबोच्या फाटकाशी आल्या. त्याच्या खांबाचा तुरा अजून हिरवा होता. खाली, हाताला येईल अशा उंचीवर, कुणीतरी संथ कामाचा टोमणा म्हणून गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांची लांब माळ खिळ्याने ठोकली होती.

तिबोने दार उघडलं. दाढी वाढलेली.

"चालत आलात?"

"तुझ्याकडे पूल नाही ना," रेमोंद म्हणाली.

तो हसला नाही, पण बाजूला झाला. त्याच्या बायकोने, क्लेअरने, कॉफी ठेवली, अक्रोडाचा केक कापला आणि आत जाता जाता दार अर्धवट उघडं ठेवलं.

"दगड आलेत गिरणीपाशी. पाहिले मी येताना," रेमोंद म्हणाली. "उन्हाळ्यात पाया होईल. एवढे दिवस काढ, तिबो. मग जा कुठे जायचं ते."

"मला माहीत आहे ते सगळं. मासे, दगड, तो वास्तूवाला. पाठ झालंय." तो कपाकडे बघत राहिला. "तुम्ही सांगायचात तेव्हा मला वाटायचं, म्हातारी वेळ काढतेय. त्या टाळ्या अजून ऐकू येतात. वाजवणारी माणसं तीच आहेत हो. आता माझ्यावर उठलीत."

"ती कुठे जातील? गावात दुसरी माणसं नाहीत. टपालाच्या वाटेवर कुत्री भुंकायची. मी पत्र टाकायची आणि पुढच्या घरी जायची."

"तुम्ही पुढच्या घरी जायचात. मी इथेच राहतो." त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "शाळेच्या फाटकात माझ्या पोरीला अडवतात. 'बापाला विचार गं, कधी होणार.' सात वर्षांची आहे ती. घरी येते आणि विचारते."

रेमोंदने कॉफीचा कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

"राजीनाम्याचं पत्र पाठवलं मी," तिबो म्हणाला. "काल. तुम्ही आज आलात."

"काल आलो असतो तर?"

त्याने खांदे उडवले. मग म्हणाला, "केक खा. क्लेअर चांगला करते."

दोघींनी केक खाल्ला. चांगलाच होता. निघताना रेमोंद त्याच्या खांबाशी थांबली, खिळ्यावरून ती शंखांची माळ सोडवली आणि कोटाच्या खिशात घातली. तिबो दारातून पाहत होता.

परतीच्या चढावर खिशातल्या शंखांचा खुळखुळ ऐकू येत होता. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा खालून आली, तेव्हा ओदील चालता चालता ओठांतल्या ओठांत पुटपुटली. तिबोचं नाव घेतलं तिने, त्याच्या मुलीचंही.

"मोरिस उभा राहणार म्हणतो ना?" रेमोंदने विचारलं.

ओदील थबकली. ही गोष्ट तिने घराबाहेर काढली नव्हती. "दुकानात बोलला का तो?"

"सगळीकडे बोलतोय. उन्हाळ्याआधी पूल उघडून दाखवतो म्हणे."

"त्याला काही कळत नाही, रेमोंद. मी त्याला नको म्हणेन. माझं ऐकतो तो कधीकधी."

"नको म्हणू नकोस. दुसरं आहे कोण?"

क्रूस आला. या खेपेला रेमोंद बसली नाही. क्रुसाच्या चौथऱ्यावर हात टेकून उभी राहिली. खाली तिच्या घरासमोरचा खांब काडीसारखा दिसत होता.

"रनेसुद्धा विचारायचा," ती म्हणाली.

"काय?"

"पुलाचं. रोज. तो काही रागाने नाही विचारायचा, बिचारा. मी सूप वाढायला घेतलं की म्हणायचा, 'मग? झालं का काही?' दिवसभर बाहेर तेच ऐकलेलं असायचं. ते मी टपालात शिकले होते, बाहेरचं बाहेर ठेवायचं. पण ताटापाशी... मग मी घरी उशिरा यायला लागले. कार्यालयात दिवा लावून बसायची, उगाच. काम नसायचं. त्याला वाटायचं, पुलासाठी राबतेय." ती थांबली. "शेवटी दवाखान्यात त्याचे ओठ हलले. मला वाटलं, पाणी मागतोय. वाकले. तर म्हणतो, 'झाला का गं पूल?' मी हो म्हटलं."

ओदीलने तिच्या कोटाची बाही धरली.

"मोरिस निवडून येईल," रेमोंद म्हणाली. "खांब लागेल तुमच्या दारात. पहिले काही दिवस मजेचे असतात. मग तो घरी येईल, टोपी काढेल, आणि त्याचा चेहरा बघून तुला कळेलच दिवस कसा गेला ते. तेव्हा मला एक हवंय तुझ्याकडून, ओदील. त्याला सूप वाढ. हवा कशी आहे ते बोल, कोंबड्यांचं बोल, काहीही बोल. पण पुलाचं विचारू नकोस. सारं गाव विचारेल. तू नको. एवढं करशील माझ्यासाठी?"