अप्पांची चूळ

माजलगावच्या मोंढ्यात गुळाचे व्यापारी होते शिवलिंगअप्पा. ते गूळ दातांनी पारखायचे. ढेपेचा टवका दाढेखाली धरायचे, डोळे मिटून त्याची कुरकुर ऐकायचे आणि उरलेला खडा गालात ठेवून पुढच्या ढेपेकडे वळायचे. "जीभ फसती, दाढ न्हाई फसत," असं म्हणायचे. पन्नास वर्षांत तो गाल रिकामा असा कुणी पाहिला नव्हता.

तेच अप्पा बाहत्तराव्या वर्षी गाल धरून माझ्याकडे आले. मी नवी दाताची डॉक्टर, खुर्चीवरचं प्लास्टिकही अजून काढलं नव्हतं.

"बाई, समदे काढून टाका. वय झालं की दात जायाचेच. माझ्या बापाचे बी गेलते."

मी तोंड पाहिलं. हिरड्या सरकून मुळं उघडी पडली होती आणि जिकडे गूळ ठेवायचे तिकडेच कीड होती. दुसरी बाजू जवळजवळ धडधाकट. त्यात रक्तदाबाच्या गोळीनं तोंड कोरडं, दात धुवायला पुरेशी लाळसुद्धा नाही.

"अप्पा, हे वयानं नाही, गालातल्या गुळानं झालंय. एक दात काढावा लागेल. बाकीचे वाचतील."

"कावून वाचवायचे? कवळी बसवा की."

"कवळीला गुळाची कुरकुर कळेल का?"

मी आपलं अंदाजानं बोलले होते, पण अप्पांनी गालावरचा हात काढला. मोंढ्यात त्यांच्या शब्दावर भाव ठरायचा, आणि तो शब्द दाढेतून यायचा. त्यांनी आ केला.

चार खेपांत मी कीड कोरून सिमेंट भरलं, मुळांना फ्लोराइडचा लेप दिला. गूळ सोडा म्हणायची माझी छाती झाली नाही. एवढंच सांगितलं, की गाल म्हणजे गोदाम नव्हे. चाखलं की थुंका, चूळ भरा, आणि झोपताना फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासा.

पुढच्या आठवड्यात मोंढ्यात गेले, तर तराजूशेजारी पितळी तांब्या. चूळ भरल्याशिवाय कुणी भाव बोलायचा नाही, असा अप्पांनी कायदाच केला होता. पांढऱ्या मिशांचे शेतकरी ओळीनं गटारीकडे निघालेले. कुणी कुरकुरलं की अप्पा म्हणायचे, "गूळ इकायला हाय, दात न्हाई."

दर सहा महिन्यांनी ते न बोलावता यायचे. "गोदाम तपासा," म्हणत खुर्चीत बसायचे. मला त्यांचा लई लोभ जडला होता, हे इथं सांगूनच टाकते.

नऊ वर्षांनी मी दवाखाना बीडला हलवला. निघायच्या दिवशी एक्याऐंशीचे अप्पा ढेप घेऊन आले. टवका दाढेखाली फोडला, डोळे मिटले. "एक लंबर हाय. घ्या." दुसरा तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. तो तोंडात टाकला आणि माझे डोळे भरून आले.

अप्पांनी पिशवीतून तोच पितळी तांब्या काढून पुढे केला.

"आदी चूळ भरा, बाई. मग रडा."