सुंदरबाईची पिल्लं आणि मे महिन्यातली थंडी

सोनगीरजवळ हायवे सोडून आत वळलं की जे गाव लागतं, तिथं सुंदरबाईला 'पिल्लांची ढुंगणं धुणारी' म्हणतात. म्हणणारे पारावर बसलेले असतात आणि त्यांच्या घरी एकही कोंबडी जगलेली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

मागच्या मे महिन्यात बचत गटाच्या दहा बायकांना योजनेतून एका दिवसाची पिल्लं मंजूर झाली. सुंदरबाई अध्यक्ष, म्हणून पहिली पन्नास तिला. बाकी नऊ जणींना पुढच्या सोमवारी. ती कशी सांभाळायची, ते सुंदरबाईकडं बघून ठरणार होतं.

त्याच महिन्यात तिच्या नवऱ्यानं, छगननं, पत्र्याचा कुलर आणला होता. घरात देवानंतर त्याचाच मान. पिल्लं आली त्याच्या दुसऱ्या दुपारी सुंदरबाई मजुरीवरून परतली तेव्हा बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन आणि घरात कुलर घरघरतोय. छगन स्वतः वाऱ्यातून बाजूला बसून घाम पुसत होता. हवा पिल्लांना सोडलेली.

"एवढुसा जीव," तो म्हणाला. "तपीसन मरी जातीन म्हनीसन कुलर लाई दिधा."

"तुम्हले कोनी सांगं?"

कुणी सांगितलं नव्हतं. पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढून ढीग करून बसली होती. तीन तळाशी मरून थंडगार पडलेली. सुंदरबाईनं जिवंतांतलं एक उचलून उलटं केलं. ढुंगणाला पांढरी विष्ठा वाळून डिंकासारखी घट्ट बसलेली, वाट बंद. गारठ्यानं असं होतं, मग पिल्लू फुगतं आणि मरतं, हे ती माहेरी बघून आली होती.

तिनं कुलर बंद केला. "त्यासले थंडी वाजी राह्यनी."

"मे महिनामा?"

"अंगवर पीस शे का त्यासले?"

मग कोमट पाणी, जुन्या लुगड्याचे बोळे, खोबरेल. भिजवायचं, मऊ झाल्यावर हलकेच पुसायचं, कोरडं करायचं, तेलाचं बोट लावायचं. वाळलेलं ओढायचं नाही, कातडी निघते. छगनला आता उपयोगी पडायचंच होतं. त्यानं एका पिल्लाच्या पोटावरचा काळा ठिपका दोन बोटांत धरला आणि घाण समजून उपटला. ती बेंबी होती. संध्याकाळपर्यंत ते पिल्लू गेलं. सुंदरबाईनं त्याला घराबाहेर बसवलं. कुलरही बाहेर ठेवला.

पुढचे दिवस ती सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक पिल्लू उलटं करून बघायची. पिल्लं मोकळी पसरून बसली की ऊब बरोबर, गोळा झाली की कमी, तोंड उघडून लांब पळाली की जास्त. धुळ्याच्या उन्हाची ऊब त्यांना फुकटात मिळाली. उरलेली शेहेचाळीस जगली.

शनिवारी पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर कागद घेऊन आले. घामानं भिजलेले. चार मेलेली ऐकल्यावर त्यांनी कारणापुढं 'उष्माघात' लिहिलं.

"डॉक्टर, हाई खोटं शे," सुंदरबाई म्हणाली. "थंडी लिखा."

"बाई, मे महिन्यात थंडी लिहिली तर वर मला वेड्यात काढतील."

"काढू द्या. तुम्ही उष्माघात लिखशात, तर सोमवारले नऊ घरमा कुलर लागतीन. मंग नऊ घरनी बठ्ठी पिल्लं कोन धुई? तुम्ही?"

डॉक्टरांनी पेन टेकवून ठेवलं. सुंदरबाईनं त्यांच्या हातात एक पिल्लू उलटं दिलं. ढुंगण स्वच्छ होतं. ती दारातच उभी राहिली आणि डॉक्टरांना जायला दुसरं दार नव्हतं.

त्यांनी उष्माघात खोडला. "चारही थंडीनं?"

"तीन थंडीनं," सुंदरबाई म्हणाली, आणि लिंबाखाली कुलरच्या वाऱ्यात बसलेल्या नवऱ्याकडं बोट दाखवलं. "एक ह्यासनी मारं. तेबी लिखा."