दगडीफुईचे कान

वना भोंगेवाल्याची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्यामध्ये दीड मैल शेतं होती. अडुसष्ट सालची गोष्ट. धुळ्याच्या अलीकडे बस बंद पडली म्हणून मी आग्रा रोडवर छत्री घेऊन उभा होतो, तर खरखरत आकाशवाणी झाली, "छत्रीवाला भाऊ, ऐकू येत व्हई तं छत्री उघाडा." मी उघडली. शेजारच्या दोन म्हशींनीही, जवळ असती तर, उघडली असती.

वना लग्नाकार्यात भोंगा लावायचा. भोंगा दिसतो कसा याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मापात किती भरतो ते बोला. माप म्हणजे त्याची आत्या, दगडीफुई. भोंगा सुरू करून फुईला चालायला सोडायचं. आवाज येईनासा झाला की ती खाली बसणार. ती बसली तिथवर भोंगा पोचला. फुईला मुळातच कमी ऐकू यायचं, पण वनाच्या मते म्हणूनच तिचं माप चोख. "तिले ऐकू उनं म्हणजे बठ्ठासले उनं."

त्या वर्षी अमृतलाल शेठच्या मुलीचं लग्न निघालं. धुळ्याच्या बन्सीलालने सोनेरी पाकळ्यांचा, मोर रंगवलेला नवा भोंगा आणला. वनाचा भोंगा पोचे पडून दुधीभोपळ्यासारखा झालेला. हे काम हुकलं तर कापसाच्या जिनिंगात हमालीला लागायचं, असं बापाने त्याला बजावलं होतं.

"शेठ, पाकळ्या बघा," बन्सीलाल म्हणाला.

"पाकळ्या शेवंतीलेबी ऱ्हातस," वना म्हणाला. "शेवंती हॅलो म्हणस का?"

शेठनी माप घ्यायला लावलं. बन्सीलालच्या भोंग्यावर फुई विहिरीपाशी बसली. वनाच्या भोंग्यावर ती विहीर ओलांडून, आमराई ओलांडून सडकेला लागली आणि दिसेनाशी झाली.

"म्हणजे व्याह्यांकडे आमंत्रणाला माणूस धाडायला नको," शेठ म्हणाले आणि काम वनाला दिलं.

फुई दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या बसने परतली. "सडकवर बस उभी व्हती. म्हन्तं, इतली उनू शे तं कान दाखाडी येऊ. डाक्टरनी मूठभर मळ काढा."

"नि भोंगा?" वनाने विचारलं.

"कोनता भोंगा?"

वना गप्प बसता तर काम त्याचंच होतं. पण माप दुरुस्त होऊन आलेलं. त्याने स्वतः शेठना बोलावून दोन्ही भोंगे पुन्हा लावले. फुई या खेपेस जागची हललीच नाही; दोन्ही तिने उभ्या जागेवरूनच ऐकले.

"बन्सीलालना भोंगामा नवरदेवनं नाव समजस," ती म्हणाली. "तुनामा नुसती खरखर शे, भाऊ."

"माप म्हणजे माप," वना म्हणाला आणि वायर गुंडाळू लागला.

सोमवारी तो जिनिंगात लागला.